भारतरावांच्या स्वेटरवरचा मोर

बेबीनंदाबाईंच्या सुनेनं, अर्पितानं, ट्रंकेतलं जुनं विणकाम बाहेर काढलं आणि सासूला न विचारता त्याचा व्हिडिओ करून मोबाईलवर टाकला. टीव्हीवरचं झालरीचं क्रोशाचं झाकण, टेलिफोनला घालायचा लोकरीचा झगा आणि शेवटी सासऱ्यांचा, भारतरावांचा, पिवळा बिनबाह्यांचा स्वेटर. छातीवर मोर. संध्याकाळपर्यंत मस्तगड मोहल्ल्यातल्या निम्म्या बायकांनी तो पाहिला होता.

लोक हसले, त्याचं बाईंना एवढं वाटलं नाही. टेलिफोनला झगा कशाला, हे आता त्यांनाही सांगता आलं नसतं. पण व्हिडिओखाली जो तो लिहीत होता, 'कोंबडी भारी आहे.'

"कोंबडी?" बाई अर्पितावर कडाडल्या. "पिसारा दिसत न्हाई का यांना?"

"आई, पिसारा काखेत गेलाय," अर्पिता खाली मान घालून म्हणाली.

बाई तडक शेजारच्या मैमूनाकडे गेल्या. दोघी एकाच ओट्यावर बसून विणायला शिकल्या होत्या. मैमूनाचे डोळे हसून हसून ओले झालेले.

"नाराज नको होऊ, बेबी. मला तर तेव्हाच मुर्गी वाटल्ती."

"मंग तेव्हाच सांगायचं होतं."

"तू सगळं उसवलं असतं. थंडी तोंडावर आल्ती."

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला गाठलं. भारतराव पेपरामागं गेले. "मला वाटलं, तू कोंबडीच काढली. आपल्याकडं तेव्हा कोंबड्या होत्या ना."

म्हणजे हा माणूस दर हिवाळ्यात छातीवर कोंबडी घेऊन कचेरीत जात होता आणि घरात चकार शब्द बोलला नाही. बाईंनी त्यांना जेवायला वाढलं, पण बोलणं टाकलं.

रविवारी घनसावंगीला भाचीचा साखरपुडा होता. भारतराव खोलीतून बाहेर आले ते तोच स्वेटर घालून. पोटावर तो असा ताणला होता की पिसारा काखेतून पुढं आला होता. बाईंनी एकवार पाहिलं आणि मुकाट्यानं पिशवी उचलली.

जीपमध्ये समोर बसलेल्या म्हातारीनं बराच वेळ निरखलं. "लांडोर हाय का वो?"

"मोर," भारतराव ठासून म्हणाले.

"मंग तुरा कुठाय?"

भारतराव हनुवटी छातीला टेकवून तुरा शोधू लागले. आता मात्र बाईंना राहवलं नाही.

"मान वळवून बसलाय तो," त्या म्हणाल्या. "तुरा पलीकडच्या अंगाला हाय." आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही जरा ताठ बसा."