शादलीची पायपीट

माझी नणंद मोंजिया घोड्यांची खुरं राखते. आमच्या मक्नासी गावातली बरीच घोडी बिननालांची, आणि त्यांची खुरं तिच्याच कानशीखालून जातात. त्या वर्षी शर्यतीआधी ती नेमकी लग्नाला गेली होती. म्हणून माझ्या नवऱ्याने, लझहरने, आमच्या घोडीची खुरं गावातल्या दुसऱ्या खुरं घासणाऱ्याकडून, शादलीकडून, घासून घेतली. शादलीचा स्वतःचा घोडा त्याच शर्यतीत पळणार होता. एवढंही माझ्या भोळ्या नवऱ्याच्या ध्यानात आलं नाही!

शर्यतीत वळणावर घोडी कोलमडली. स्वार लझहरच होता, त्याचा खुबा मोडला. शादलीचा घोडा जिंकला. लोक म्हणाले, नशीब.

मोंजिया आली ती थेट तबेल्यात. घोडीचे पुढचे दोन्ही पाय तिने एकेक करून मांडीवर घेतले. दोन्ही खुरांची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा खाली घासलेली, तळवा इतका खरवडलेला की अंगठा लागला तरी घोडी पाय ओढून घेई. ती तडक शादलीकडे गेली.

"हात चुकला गं," तो हसला. "तुझा नाही चुकत कधी?"

"दोन्ही पायांना सारखाच चुकला?"

तो हसतच राहिला. घोडी सावरली, लझहर कुबडीवरच राहिला.

शादली मात्र शेफारला. घोड्याला नाल ठोकून शर्यतीमागून शर्यत पळवलं, नाल वेळेवर काढलेच नाहीत. खुरांच्या टाचा आक्रसल्या, एक खूर उभं तडकलं. सगळे उपाय करून थकला, तेव्हा आमच्या दारात आला.

"मोंजिया, जनावराचा काय दोष?"

"काहीच नाही. म्हणून बरा करणार."

मला वाटलं, आता ही सुरी जरा खोल घालणार. खरं सांगते, घालावी असंच वाटत होतं. पण तिने नाल उपटले, वाढलेल्या टाचा घासून खाली आणल्या, खूर दोन्ही बाजूंनी समतोल केलं. मग उठून म्हणाली, "आता नाल नाही, स्वार नाही. रोज ओढ्याच्या गोट्यांतून पायी चालवायचा, खूर घट्ट होईल. येताना बाजाराच्या वेळी आमच्या दारात थांबायचं, आणि लझहरला सांगायचं, तुझी घोडी मी मुद्दाम बिघडवली. एक दिवस चुकलास, तर मी हात लावणार नाही."

त्या घोड्यावाचून शादलीला कोण विचारणार होतं? पहिल्या दिवशी तो पुटपुटला.

"ऐकू नाही आलं," मोंजिया म्हणाली.

तो मोठ्याने बोलला. भाजीवाले, गाढववाले, सगळे थबकले. मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी कुस्कुसमध्ये मांस जास्तच घातलं. पुढे त्याच्याकडे कुणी आपलं घोडं नेईना.

हळूहळू घोड्याची चाल सुधारली. लझहर म्हणू लागला, "बास कर आता." मोंजियाने कान दिला नाही.

शर्यत जवळ आली. शादलीने हात जोडले, "सोडू का पळायला?"

तिने खुरावरून तळहात फिरवला. "अजून कच्चं आहे."

खूर दगडासारखं झालं होतं, मलासुद्धा दिसत होतं. शादली तर जन्मभर खुरं हाताळलेला माणूस. त्यालाही कळलं, पण पुढेही घोड्याला तिचाच हात लागणार होता; तो लगाम धरून ओढ्याकडे वळला.

शर्यत त्याच्याविना झाली. दुसऱ्या दिवशी तो आला, आणि आमच्या दारात तेच वाक्य बोलू लागला. लझहर कुबडी टेकत आत निघून गेला. मोंजिया मात्र उंबऱ्यावर बसून राहिली, त्याचा शेवटचा शब्द संपेपर्यंत.