डोळे बांधलेले आठ दिवस

त्रिविक्रम चिकपेटेच्या बाजारात आपल्या दुकानात कापड मोजत होता, तेवढ्यात चंद्रावहिनी आल्या. दहा वर्षांत त्यांनी दुकानाची पायरी चढली नव्हती. साल होतं १९५६.

"भावजी, तुमच्या अण्णांचा मोतीबिंदू काढलाय," त्या म्हणाल्या. "डोळे बांधून आठ दिवस उताणं निजायचंय. स्वल्पसुद्धा हलायचं नाही. मला एकटीला उचलवत नाहीत ते."

युद्धात अण्णा, म्हणजे थोरले भाऊ नरसिंगराव, इंग्रजांच्या फौजेत सुभेदार होते. धाकटा त्रिविक्रमही त्याच फौजेत शिपाई होता; तो सिंगापुरात जपान्यांच्या हाती सापडला आणि तिथून आझाद हिंद सेनेत गेला. लढाई संपल्यावर रंगूनच्या कैदी छावणीत पहाऱ्याला आले ते नेमके अण्णाच. त्रिविक्रमनं तारेआडून हाक मारली. अण्णांनी वळून पाहिलं आणि ते पुढे चालू लागले. तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता. आईच्या दहाव्यालाही नाही.

त्रिविक्रम इस्पितळात गेला तो वहिनींच्या शब्दाखातर. बोलायचं नाही, हे ठरवूनच. पाठीखाली हात घालून उचलायचं, अंग पुसायचं, पेज भरवायची. तीन दिवस असेच गेले.

चौथ्या दिवशी अण्णा म्हणाले, "तिरू, मीठ कमी आहे."

त्रिविक्रमचा हात थांबला. "कधी ओळखलंत?"

"पहिल्याच दिवशी. चमच्यावर फुंकर घालतोस, आई घालायची तशी."

त्यानं वाटी खाली ठेवली. "रंगूनला तर डोळे उघडे होते तुमचे."

"होते. मागे चाळीस शिपाई होते. त्यांच्या सोबत्यांना इंफाळात तुमच्या गोळ्या लागल्या होत्या. तुला भाऊ म्हटलं असतं तर तिथंच रडलो असतो. तेवढी हिंमत झाली नाही." मग ते म्हणाले, "पण तू फौजेची शपथ मोडलीस, ते मला अजून पटत नाही."

"मला तुमची चाकरी पटत नाही."

"सरी, बरं. नाही पटत तर नाही. पेज निवते आहे."

त्रिविक्रमनं वाटी पुन्हा उचलली. तो बराच वेळ भरवत राहिला.

पुढे तो दर रविवारी थोरल्याकडे जेवायला जाऊ लागला. शपथेवरून वाद व्हायचाच. वाद चढला की वहिनी पानं वाढल्याचं सांगत, आणि दोघे तसेच भांडत येऊन शेजारी शेजारी बसत.