जास्तीची मेणबत्ती

नव्या औषधाच्या चाचणीसाठी पेशंट हवेत म्हणून माझा ज्युनिअर उन्मेष रोज माझं डोकं खायचा. "मॅडम, प्रेमिलाबाईंना विचारू या. जुनं औषध त्यांना आता लागू पडत नाही."

"अजिबात नाही," मी म्हणायची. कॅन्सरच्या ओपीडीत माझे केस पांढरे झालेत. आमच्या पेशंटचा होकार मला चांगला ठाऊक आहे. डॉक्टर म्हणाले बस, की बसले. सक्करदऱ्याच्या प्रेमिलाबाई तर तीन वर्षांत मला एकदाही 'नाही' म्हणाल्या नव्हत्या. अशा बाईची सही घेणं मला पाप वाटायचं.

पण भिंतीला कान असतात, आणि ओपीडीच्या रांगेला तोंडही. सोमवारी प्रेमिलाबाई आत आल्या, 'जय भीम' म्हणाल्या आणि सरळ विषयावरच आल्या.

"उन्मेष डॉक्टर त्या नव्या औषधाचं सगळ्यायले विचारून राहिले. मले काहून नाही विचारलं?"

मी चिडलेच. खरं ते सांगून टाकलं. "त्यानं तुम्हाला फायदा होईलच असं नाही. त्रास मात्र होऊ शकतो. उपयोग झालाच तर कदाचित मागून येणाऱ्यांना होईल."

"जे औषध मले तीन वर्षं पुरलं, ते पयले कोनाले देल्लं होतं?"

"असेच कुणी पेशंट. त्यांची नावं आपल्याला कळत नाहीत."

"इथल्या सिस्टरले इचारलं होतं, तं तिनंबी तेच सांगतलं. म्हणून पौर्णिमेले विहारात मी एक मेणबत्ती जास्तीची लावतो. त्यायच्यासाठी. त्यायच्यातले कितीक तं वाचलेबी नसतीन. पन माह्या पोरीचं लग्न मी त्यायच्याच भरोशावर पाह्यलं, मॅडम."

ते औषध प्रेमिलाबाईंना मी दिलं, असंच मी इतके दिवस समजत होते. ज्या माणसांचा विचार डॉक्टर असून माझ्या मनात कधी आला नाही, त्यांच्यासाठी या बाई दर पौर्णिमेला विहाराची पायरी चढत होत्या. केवढं मोठं माणूस माझ्यासमोर बसलं होतं! आणि मी त्यांना साधं विचारलंही नव्हतं.

"आज घरी जा," मी म्हणाले. "मुलीशी बोला, सावकाश विचार करा. पुढच्या सोमवारी या."

"नाही," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "विचार झाला माहा. पोरीसंगबी बोलली. तुमी समजावून सांगा, मी आयकतो."

चाचणीचे कागद घेऊन ये, म्हणून मी मुकाट्यानं उन्मेषला हाक मारली.