नऊ सेंटिमीटर

मदिनाच्या घराची मागची भिंत मंगळवारी दुपारी ओढ्याच्या पुरात पडली. तिच्या अकरा शेळ्या बांधलेल्या जागीच बुडाल्या. मदिना पत्र्यावर चढली म्हणून वाचली. गुरुवारी रस्त्याचे अभियंता हरिओम साहेब पाहणीला आले आणि दहा मिनिटांत अहवाल लिहून मोकळे झाले : घर कच्चे असल्याने भिंत कोसळली.

शालूनं तो कागद दोनदा वाचला. ती गावची अंगणवाडी सेविका. तीन वर्षांपूर्वी एका योजनेतून तिला पर्जन्यमापक मिळालं, तेव्हापासून रोज सकाळी साडेआठला ती पाऊस मोजून वहीत लिहायची.

"साहेब, रस्त्याचं काहीच न्हाई लिहिलं तुम्ही."

"रस्त्याचा काय संबंध?"

वाटूरकडे जाणारा रस्ता गेल्या उन्हाळ्यात पाच फूट उंच केला होता. आधी ओढ्याचं पाणी रस्त्यावरून निघून जायचं. आता मधे मातीचा भराव होता आणि त्याखाली दोन-दोन फुटांचे दोन पाइप. भरावाच्या वरच्या अंगाला मदिनाचं घर.

"मंगळवारी पाऊस किती झाला? नव्वद मिलिमीटर. तुमचाच आकडा आहे, बाई. म्हणजे नऊ सेंटिमीटर." साहेबांनी अंगठा आणि तर्जनी फाकवून दाखवली. "एवढ्या पाण्यात शेळी बुडते का?"

सोबतचे दोघं हसले. मदिना समोरच उभी होती. तिनं मान खाली घातली, ते पाहून शालूची कानशिलं तापली.

"हसू नका," ती म्हणाली. "हे नऊ सेंटिमीटर पडलं कुठं? मदिनाभाभीच्या अंगणात? तिकडं बघा. तो सगळा माळ याच ओढ्यात उतरतो. एकशे वीस हेक्टर. तेवढ्या रानावर नऊ सेंटिमीटर पाणी उभं करा, मंग सांगा."

"मॅडम, मला घाई आहे."

"मला पण हाये." तिनं काडी उचलून चिखलात आकडे ओढायला सुरुवात केली. "एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर. हेक्टरला दहा हजार लिटर. नव्वद मिलिमीटरला हेक्टरी नऊ लाख. गुणिले एकशे वीस. दहा कोटी ऐंशी लाख लिटर, साहेब. उन्हाळ्यात आम्हाला दोन दिवसांआड एक टँकर देता ना, बारा हजार लिटरचा? तसले नऊ हजार टँकर आले त्या दुपारी."

"सगळं वाहून येत नाही. जमिनीत मुरतं."

"मुरू द्या. अर्धं सोडून देते तुम्हाला. साडेचार हजार राह्यले. पाऊस तीन तास पडला. मिनिटाला पंचवीस टँकर. तुमच्या पाइपांतून किती जातात?"

साहेब जीपकडे वळले.

"गच्च भरून वाह्यले तरी पाच-सहा. बाकीचे कुठं थांबले? भाभीच्या घरात!"

"हे मोजणं तुमचं काम नाही."

"तुमचं होतं!" शालू एवढ्या जोरात ओरडली की शेजारची माणसं बाहेर आली.

मदिनानं मान वर केली आणि सहीसाठी पुढं केलेला अहवाल परत सारला. "मैं सही नहीं करती," ती म्हणाली. "घर कच्चं असंल, पर वीस साल से उभं होतं."

सही न घेताच जीप निघून गेली. अहवालात एक अक्षरही बदललं नाही.

शनिवारी मोबाइलवर इशारा आला, सोमवारी पुन्हा जोराचा पाऊस. शालूनं साहेबांना सात वेळा फोन लावला. सातही वेळा तो वाजून बंद झाला. रविवारी सकाळी तिनं मदिनाच्या भावाला, अजमतला बोलावलं. तो वाटूरला जेसीबी चालवायचा.

"ताई, केस होईल," तो म्हणाला.

"माझ्या नावावर होऊ दे. रस्ता बारा फूट रुंद तोड, पार तळापर्यंत."

लोक जमले. काहींनी समजावलं, काहींनी शिव्या दिल्या. आता मोटरसायकल चार किलोमीटर फिरवून न्यावी लागणार होती. शालू हलली नाही. दुपारपर्यंत भराव फुटला आणि दोन्ही पाइप काठावर येऊन पडले. दोन्ही बाजूंना दगड, काटेरी फांद्या आणि लाल ओढणी बांधून झाल्यावरच ती घरी गेली.

सोमवारी चौऱ्याहत्तर मिलिमीटर पडला. ओढा फुगला, गढूळ झाला आणि त्या तोंडातून सरळ निघून गेला. मदिनाच्या उंबऱ्याला पाणी लागलं नाही.

शुक्रवारी शालूला नोटीस आली. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान. जालन्याला सुनावणी होती. तिनं वही नेली आणि तेच आकडे कागदावर मांडून ठेवले. मोठ्या साहेबांनी ते वाचले, खालची ओळ पुन्हा वाचली आणि हरिओम साहेबांकडे वळले. "पाइप केवढे टाकले होते?"

"दोन फुटी, सर."

"पाणलोट मोजला होता?"

हरिओम साहेब फाइल चाळत राहिले.

मार्चमध्ये तिथं रुंद पूल झाला. उद्घाटनाचं निमंत्रण शालूलाही आलं. ती गेली नाही. तिच्यावरची नोटीस कुणी मागं घेतलेली नाही, आणि मदिनाच्या अहवालात घर अजून कच्चंच आहे. दर सोमवारी दोघी पहिल्या एसटीनं जालन्याला जातात आणि ते वाक्य खोडून मागतात. कार्यालयातला शिपाई आता त्यांना बघितलं की आधीच उठून उभा राहतो.