धोंड्याचं वजन

माझ्या भावाला सगळा क्लब धोंडा म्हणतो, आणि या गाढवाला त्याचं भूषण वाटतं. आमची शर्यतीची शिडाची बोट दोघांची. सुकाणू माझ्याकडे, वाऱ्याने बोट कलली की तो बाहेर लटकून तिला सरळ ठेवतो. त्यासाठी अंगात वजन लागतं, आणि ते आमच्याकडे वाडवडिलांपासून चालत आलंय. एकत्र शर्यती करायला लागून एकतीस वर्षं झाली. मी दोनदा पाण्यात पडले, तेव्हा त्याने मला मांजरीच्या पिल्लासारखं मानेला धरून वर काढलं होतं.

तीन महिन्यांपूर्वी बोट जास्त कलायला लागली. वारा नेहमीचाच. माझा धंदा शिडं शिवण्याचा, गळ्यात कायम कात्री. मला वाटलं, शीड ताणून मोठं होतंय, वारा जास्त धरतंय. चार बोटं कापलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. पुन्हा कापलं. भावाकडे काही मान वर करून बघितलं नाही. अक्कल गहाण ठेवली होती मी, दुसरं काय.

मग भावजय कारखान्यात आली. मशीन थांबेपर्यंत दारातच उभी राहिली.

"ताई, यांना जेवण जात नाही. डॉक्टर म्हणाले, पोटात गाठ आहे, आजच्या आज दाखल व्हा. हे म्हणतात, रविवारची शर्यत झाल्यावर. तुमच्याशिवाय कुणाचं ऐकायचे नाहीत."

"मी बघते," मी म्हणाले.

बघितलं नाही. खरं सांगते, मलाही ती शर्यत हवी होती. चार दिवसांनी काय आभाळ कोसळतंय, अशी मीच माझी समजूत घातली. त्याला फोन केला, तो नवीन दोर घ्यायचे का हे विचारायला.

रविवारी तो किनाऱ्यावर आला तेव्हा चांगला गरगरीत दिसत होता. चेहरा तेवढा ओढलेला.

"दाखल व्हायचंय ना रे तुला?"

"उद्या. आज तोंड बंद आणि सुकाणू सरळ ठेव."

आणि काय सांगू, बोट सरळ चालली. किती दिवसांनी! वारा चढला तरी कलेना. माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांना काय कळतंय, म्हटलं, आमचा धोंडा आहे तसाच आहे.

दुसऱ्या बोयाला, पाण्यातल्या तरंगत्या खुणेला, वळायचं होतं. वळताना शीड या बाजूचं त्या बाजूला जातं, आणि त्यानेही झटकन बाजू बदलायची असते. तो उठला नाही. त्याला उठताच येईना. बोट त्याच्याच बाजूला उलटली.

बोटीच्या तळातून बाहेर आलेल्या फळीवर उभी राहून मी ती कशीबशी सरळ केली आणि आत चढले. तो कड धरून पाण्यात. कॉलरला धरून ओढलं, हलेना. तरंगायच्या जाकिटाखाली हात घातला तर लोकर लागली, भिजून जड झालेली. एक स्वेटर, त्याखाली दुसरा.

"किती घातलेस?"

"पाच." त्याचे दात वाजत होते. "भिजवूनच घातले. नाहीतर तू आणखी शीड कापलं असतंस."

मी त्याच्या मनगटाला दोर बांधला आणि कात्री काढली. आधी जाकिटाचे पट्टे कापले, मग एकेक स्वेटर. पाचवा आमच्या बाबांचा होता. मग त्याचा दंड धरला, तर माझी बोटं पलीकडे एकमेकांना लागली. ओढल्याबरोबर तो आत आला. जोरही लावावा लागला नाही.

मदतीची मोटरबोट लांब उभी होती. हात वर केला की ती येते, आणि आपण शर्यतीतून बाद. एकतीस वर्षांत आम्ही हात वर केला नव्हता. मी केला.

"ताई, खाली घे. अजून सगळे पुढे गेले नाहीत."

"गप्प बस."

"माझी शेवटची असेल गं ही."

मला रडू फुटलं, पण हात खाली घेतला नाही.

मोटरबोटवाला जुना, आम्हाला ओळखणारा. "धोंड्याला उचलायचं म्हणजे कमरेचं काम," असं म्हणत त्याने पाय रोवले, भावाच्या काखेत दोन्ही हात घातले आणि होती नव्हती ती सगळी ताकद लावून ओढलं. भाऊ अलगद वर गेला, आणि मोटरबोटवाला त्याच्यासकट मागच्या मागे पडला. उठून बसल्यावर त्याने आधी भावाकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या हातात अजून कात्री होती.