कागदावर चालू असलेली गोबरगॅसची टाकी

मी एक जुनी लोखंडी टाकी आहे. पाण्याची नव्हे, रॉकेलचीही नव्हे, गोबरगॅसची. आज मी मल्लिकार्जुनअप्पांच्या गोठ्यामागे आडवी पडले आहे आणि माझ्या पोटात एक कोंबडी अंडी उबवते आहे. मित्रांनो, हसू नका. माझा फोटो बेंगळूरच्या मोठ्या सभागृहात पडद्यावर झळकला आहे. सरकारी कागदावर तर मी एकटी असून तीन होते. अशी बढती तुमच्या ओळखीत कोणाला मिळाली असेल तर मला जरूर सांगा.

माझा जन्म १९९६ सालचा, बीदरच्या एका वेल्डिंगच्या दुकानातला. पत्रा कापला, वाकवला, सांधला आणि आतून-बाहेरून डांबरी काळा रंग फासला. तुमच्यापैकी कोणी गोबरगॅस पाहिला नसेल, म्हणून सांगते. जमिनीत विहिरीसारखा गोल खड्डा बांधतात. त्यात शेण आणि पाणी कालवून ओततात आणि त्यावर मला पालथी घालतात. शेण कुजतं, गॅस होतो, तो माझ्या पोटात साठतो आणि मी वर चढते. घरात शेगडी पेटली की खाली उतरते. चढणं आणि उतरणं, एवढाच माझा धर्म. रोज किती चढले नि किती उतरले हे बघता बघता मला मोजायची खोड लागली. माणसंही मी मोजते. पण ती कमी भरतात की जास्त, हे लगेच सांगत नाही.

बैलगाडीतून मी गावी आले. मंठाळच्या बाजाराला जाणारी माणसं आमची. भांडण मराठीत करतात, देवाचं कन्नडात म्हणतात आणि उधारी हवी असली की उर्दूत गोड बोलतात. मल्लिकार्जुनअप्पांकडे तीन म्हशी, दोन बैल आणि तुरीचं रान. त्यांची बायको नागव्वा. तिचे दोन्ही डोळे सदा लाल, कारण चुलीत तुराट्या आणि तुराट्यांना ओल. बीदरच्या डॉक्टरने तिला बजावलं होतं, "धूर सोड, नाहीतर नजर सोडावी लागेल." त्या नजरेसाठी मी या घरी आले. माझ्या येण्याचं दुसरं काही कारण नव्हतं, एवढं तुम्ही ध्यानात ठेवा. पुढे पुष्कळांना ते ठेवता आलं नाही.

खड्डा भरला, महिना गेला आणि मी चांगली हातभर वर चढले. तोंडाशी गॅस आला. तेवढ्यात सरकारी गोबरगॅस योजनेच्या ऑफिसचा सुपरवायझर नागनाथ सायकलवरून आला. तेव्हा तो काळ्या मिशांचा, चपळ माणूस होता. त्याने माझ्या पोटावर पांढऱ्या रंगाने '३७' लिहिलं आणि तोटीला लाल फीत बांधली.

"अप्पा, ही फीत आमदारसायब सोमवारी कापनार. धूरमुक्त तालुका करायलेत ते. तवर तोटीला हात लावू नका. लई झालं तर आठ दिवस."

मल्लिकार्जुनअप्पा दुखावल्यासारखे झाले. "हे काय सांगायची गोष्ट हाय? पाव्हन्याला बोलवायचं आन् आपुनच आधी जेवून घ्यायचं, असं आमच्या घरात कधी झालं न्हाई."

हे खरंच होतं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्यांच्याकडे अय्या येत. अय्या म्हणजे जंगम, घरोघर फिरणारे त्यांचे गुरू. अय्यांचे पाय धुवायचे, त्यांना आधी वाढायचं आणि त्यांचं जेवण झाल्यावरच घरातल्यांनी ताटाला बसायचं. अय्यांना चार कोस चालत यायला उशीर झाला तर म्हातारी-पोरंसुद्धा उपाशी थांबत. मल्लिकार्जुनअप्पांनी हाच नियम आमदारांना लावला. चूक म्हणाल तर इथंच झाली. अय्या उशिरा येतात, पण येतात.

आमदारांचं नाव चन्नवीरसाहेब. माणूस वाईट नव्हता. बोलायला लागला की ऐकणाऱ्याला आपल्या अंगणात आत्ताच झाडं उगवल्यासारखी वाटत. पण पहिल्या सोमवारी त्यांचं अधिवेशन निघालं. दुसऱ्या सोमवारी लग्न. पुढे कुणा पुढाऱ्याचं निधन झालं. एकदा तर ते शेजारच्या गावात छत्तीस नंबरच्या टाकीपर्यंत आले आणि तिथूनच जेवायची वेळ झाली म्हणून माघारी फिरले.

मित्रांनो, भरलेल्या पोटाने तोंड दाबून उभं राहणं काय असतं, हे मला विचारा. वर चढायला जागा उरली नाही. गॅस माझ्या कडेकडेने बुडबुडे होऊन वाया जाऊ लागला. गुडगुड, गुडगुड. आणि माझ्यापासून बारा पावलांवर नागव्वा फुंकणी घेऊन चुलीपुढे वाकलेली. तिच्या स्वयंपाकाचा जाळ माझ्या पोटात कोंडलेला, आणि मध्ये बोटभर रुंदीची एक लाल फीत.

"ऐकायलात का?" ती नवऱ्याला म्हणायची. "टाकी रडायलीय."

"रडू दे. सोमवारी येतेत सायब."

"कोनच्या सोमवारी ते बी सांगा की. सोमवार लई हायेत."

मी छत्तीस सोमवार मोजले. पौषात नागव्वाचा डावा डोळा सुजला. माघात बुबुळावर पांढरा ठिपका आला आणि फाल्गुनात तो ठिपका साऱ्या बुबुळभर झाला. डॉक्टर म्हणाले, "हा गेला. धूर असाच राहिला तर उजवाही जाईल." मल्लिकार्जुनअप्पा त्या दिवशी माझ्याजवळ येऊन उभे राहिले. त्यांनी फितीला हात लावला, आणि काढून घेतला. दिलेला शब्द त्या माणसाच्या गळ्यात लोढण्यासारखा अडकला होता. आम्ही दोघं सारखेच अडकलो होतो. मी तेवढी गुडगुडत तरी होते.

चैत्रातल्या पहिल्या सोमवारी अय्या आले. नागव्वाने त्यांचे पाय धुतले, पदर डोक्यावर घेतला आणि सरळ त्यांना माझ्यापाशी घेऊन आली.

"अय्या, आजचा परसाद गॅसवर करीन म्हनते. तेवढी तोटी तुमच्या हातानं फिरवा."

मल्लिकार्जुनअप्पा गडबडले. "अगं, आमदारसायबाला शबुद दिलाय…"

"अय्यापेक्षा आमदार मोठा झाला व्हय? तसं सांगा. फुडल्या सोमवारी त्यांचेच पाय धुवू."

एका रिवाजाला दुसऱ्या रिवाजाने असं धरलेलं अप्पांनी कधी पाहिलं नव्हतं. अय्या गालात हसले. त्यांनी फीत खाली सरकवली आणि तोटी फिरवली. आत शेगडीवर निळी ज्योत उभी राहिली. मी हळूहळू खाली उतरू लागले. नऊ महिन्यांनी उतरले मी, मित्रांनो! चहा पिऊन अय्या एवढंच म्हणाले, "धुराचा वास न्हाई. बेस झालाय."

आणि पाहा नशीब. बरोबर अकराव्या दिवशी चार जीपगाड्या अंगणात आल्या. नागनाथने घाईघाईने फीत पुन्हा बांधली, शेगडी विझवली. चन्नवीरसाहेबांनी फीत कापली, टाळ्या झाल्या, ज्योत पेटली. एवढ्यावर भागलं असतं. पण फोटोग्राफर हौशी निघाला.

"अक्का, आता 'आधीचा' फोटो काढू. चूल पेटवा, धूर जरा जास्त करा. तुम्ही फुंकत बसा."

नागव्वाने पदर मागे केला आणि आपला पांढरा डोळा त्याच्याकडे वळवला. "आधीचा हाच हाय, घे काढून. एक तुमची वाट बघन्यात गेला. दुसरा फोटोसाठी देऊ व्हय?"

फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला. मग ती फुंकणी साहेबांपुढे धरून म्हणाली, "धूरच पायजे तर तुमी फुंका, सायब."

साहेब मुरलेले होते. "फुंकतो की अक्का! माझी माय बी फुंकायची," म्हणत ते बसले. तुराट्या ओल्या होत्या. तिसऱ्या फुंकरीला त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पांढरं धोतर काळं झालं आणि खोकता खोकता टोपी राखेत पडली. बायकांनी पदर तोंडाशी लावले. फोटो निघाला. पुढे निवडणुकीच्या पुस्तिकेत तो पहिल्याच पानावर आला आणि खाली छापलं होतं: 'माता-भगिनींचे हाल पाहून चन्नवीरसाहेबांना अश्रू अनावर झाले.' नागव्वाने ते पान वाचून घेतलं आणि म्हणाली, "रडले म्हना की. पन कामून रडले तेवढं ऱ्हायलं लिवायचं."

त्यानंतरची नऊ वर्षं माझ्या सुखाची. सकाळी शेण-पाणी, दुपारी डाळ, संध्याकाळी भाकरी. गॅस निघाल्यावर उरलेली शेणाची रबडी खत म्हणून तुरीच्या रानात जायची आणि तूर कमरेच्या वर यायची. नागव्वाचा उजवा डोळा निवळला. ती त्याने सुईत दोरा ओवायची आणि मुद्दाम मला दाखवायची.

पण दर निवडणुकीला नागनाथ रंगाचा डबा घेऊन यायचा. १९९९ साली योजनेचं नाव 'हरित गाव' झालं आणि '३७'च्या शेजारी '१८२' आलं. २००४ साली आणखी नवं नाव निघालं आणि '५१४' आलं. जुने आकडेही यादीत तसेच.

"आरं, टाकी तर एकच हाय," नागव्वा म्हणाली.

"वरचा हुकूम हाय अक्का. मी रंगवायचं काम करायलोय."

अशी मी आकड्यात तिघी आणि अंगणात एकटी झाले. साहेबांच्या कामगिरीचा तक्ता भाषणागणिक फुगत गेला. माझ्यावर मात्र नंबरापुरताच रंग येई. बाकी अंगाला नऊ वर्षांत कोणी कुंचला लावला नाही. लोखंड नंबरावर जगत नाही, मित्रांनो. २००६ च्या पावसाळ्यात माझा माथा गंजून चाळणी झाला. मल्लिकार्जुनअप्पांनी सायकलची ट्यूब चिकटवली, डांबर लावलं. एक भोक बुजलं की दोन उघडत. गॅस निसटून गेला, शेण वाळलं आणि मी खड्ड्यात रुतून बसले. ना वर, ना खाली. नागव्वा पुन्हा चुलीपुढे बसली.

मुलगा सुनीलकुमार तोवर हैदराबादला कामाला लागला होता. त्याने तिथून अर्ज केला: टाकी बंद आहे, नवी द्या. उत्तर आलं: बंद टाकीला नवी मिळते, पण आमच्या यादीत तुमच्या तिन्ही चालू आहेत. बरं, मग सिलेंडरच्या योजनेत नाव घाला. उत्तर आलं: ज्या घरी तीन टाक्या चालू आहेत, त्या घराला सिलेंडर कशाला? बघा, साहेबांच्या एका फुगीर तक्त्याने नागव्वाच्या दोन्ही वाटा बंद केल्या. मी शेणात रुतले होते, ती कागदात.

२००९ साली साहेब बेंगळूरला पृथ्वीच्या वाढत्या तापावर बोलले. शेजाऱ्यांच्या टीव्हीवर अख्ख्या गावाने पाहिलं. मागे पडद्यावर मी होते, नवी, काळीभोर, हातभर चढलेली. साहेब म्हणाले, "माझ्या भागात आज चुलीचा धूर शोधून सापडणार नाही." नागव्वा ते अर्धंच ऐकून उठली, तिची चूल विझत आली होती. तिच्या उजव्या डोळ्याला पुन्हा पाणी येऊ लागलं होतं. सुईचा दोरा आता सून भाग्यलक्ष्मी ओवून द्यायची.

२०१२ च्या उन्हाळ्यात नागनाथ आला. मिशा पांढऱ्या, सायकलच्या जागी मोटारसायकल, निवृत्तीला दोन महिने. हातात रजिस्टर. उभ्या उभ्याच त्याने लिहायला घेतलं, "चालू."

"नागनाथ," नागव्वा म्हणाली, "हिकडं ये. मला एकाच डोळ्यानं टाकी बंद दिसायलीय. तुला दोन असून चालू कशी दिसायलीय?"

तो ओशाळला. "अक्का, सायबाचा रेकाड हाय त्यो. बंद लिवलं तर आकडा कमी होतंय."

"माझा एक डोळा कमी झाला, तवा मी काई बोलले न्हाई. त्यांचे आकडे कमी होऊ दे की. न्हाईतर दुसरा बी घ्या, आन् लिवा रेकाडात."

नागनाथ कट्ट्यावर बसला. त्याने माझ्याकडे पाहिलं. ३७, १८२, ५१४: तिन्ही त्याच्याच हातचे. तोटीला त्या फितीचा एक विटका धागा अजून चिकटलेला होता. तोही त्यानेच बांधलेला. तो पेनाचं टोपण लावत-काढत बसला. मग त्याने पानं उलटली आणि तीन ठिकाणी, एकेक अक्षर दाबून लिहिलं, 'बंद'. 'बंद'. 'बंद'.

मित्रांनो, आपण मेल्याची नोंद होताना आनंद झाला असं म्हणणारी मी पहिलीच असेन. पण सोळा वर्षांत माझ्याबद्दल लिहिलेली ती पहिली खरी ओळ होती.

दिवाळीआधी नवी टाकी आली. मला दोर लावून वर ओढलं आणि गोठ्यामागे आणून टाकलं. नवीच्या तोटीला ऑफिसने फीत बांधून पाठवली होती, लाल, नवीकोरी. महिन्याने टाकी हातभर चढली. आता पुन्हा सोमवार मोजायचे की काय?

तेवढ्यात मल्लिकार्जुनअप्पा घरातून आले. पाठ वाकलेली, हातात विळा. त्यांनी तो नागव्वाच्या हातात दिला.

"आन् पाव्हने?" तिने विचारलं.

"येतील तवा च्या देऊ," अप्पा म्हणाले. "गॅसवरचा."

नागव्वाने चाचपून फीत कापली आणि फेकली नाही. दारातल्या म्हशीच्या शिंगाला बांधली. "हिचं काम हाय, हिचा मान," म्हणाली.

माझं मागणं थोडं आहे. एखादी वस्तू तुमच्या हाती आली तर तिच्यावर नंबर घालण्याआधी तिला रंग द्या, आणि ती बंद पडली तर बंद म्हणा. खोटं 'चालू' म्हणून कोणाला धुरात बसवू नका. आता हळू बोला. कोंबडी उठली आहे, आणि आतून टोच मारल्याचा आवाज येतो आहे. पिल्लं किती निघतील ते मी मोजीन. एकाला तीन मात्र म्हणणार नाही.