सगळ्यात हळू प्रोसेसर

“यातला हळू चालणारा कोणता?” नीळकंठ गुरुजींनी विचारलं.

अर्जुननं हातातला पेचकस खाली ठेवला. बुलढाण्यात कॉम्प्युटरचं दुकान टाकल्यापासून असला प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. टेबलावर गुरुजींच्या घरचा कॉम्प्युटर पोट उघडं टाकून पडला होता. आतला प्रोसेसर तापून तापून शेवटी गेला होता, आणि त्याच्या जागी बसतील असे दोन अर्जुननं समोर मांडले होते.

“गुरुजी, उलटं काऊन बोलून राह्यले तुम्ही? लोकायले जलद पाह्यजे. हा पेन्टियम घ्या. बटन दाबलं का पत्रिका हातात.”

“तेच तर नको आहे मला.”

“मंग हा सेलेरॉन. पण हा बी तुमच्या जुन्यापेक्षा लई पळते, आधीच सांगून ठेवतो. हळूवाले आता बनतच नाई.”

गुरुजींचा चेहरा उतरला. खरं कारण सांगायची त्यांना लाज वाटत होती. ते घरी कॉम्प्युटरवर पत्रिका काढून द्यायचे, जुळवून द्यायचे. जुनं यंत्र इतकं रखडायचं, की आलेल्या माणसाला बसावंच लागे. मध्येच ते मान टाकी, मग पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या कुणी वैतागून ते कधीच बदललं असतं. गुरुजी मात्र खुशीत चहा टाकत.

पत्नी गेली, मुलगी शैलजा लग्न होऊन नाशिकला गेली, आणि घरात माणसाचा आवाज यायचा तो या रखडण्यामुळेच. बसलेला माणूस किती वेळ भिंतीकडे बघणार? तो बोलू लागे. म्हशीचं, जावयाचं, गुडघ्याचं. मुलीला मुलगा मनातून पसंत आहे की नाही, तेही त्यातच निघे, आणि ते काही कुंडलीत सापडत नसतं. लोक आपल्याकडे पत्रिकेसाठी येतात की आपल्यासाठी, हे गुरुजींनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. उत्तर मनाजोगंच असणार, असं धरून ते चालले होते.

“सेलेरॉनच टाक,” ते म्हणाले. अर्जुननं मान हलवली आणि कामाला लागला.

त्यानंतर पहिल्या आल्या त्या धामणगाव बढ्याच्या झुंबरबाई. तिन्ही लेकींच्या पत्रिका त्यांनी इथंच जुळवल्या होत्या, आणि दरवेळी अर्धी दुपार बोलण्यात गेली होती. आता नातीची पाळी होती.

“बसा झुंबरबाई, पाय वर घेऊन निवांत बसा. वेळ लागेल.”

“हाव, मले माहीत हाये तुमचं मशीन.” त्यांनी पिशवी टेकवली, पदरानं तोंड पुसलं. “काय सांगू गुरुजी, धाकल्या सुनेनं तं यंदा...”

गुरुजींनी नातीची आणि मुलाची जन्मवेळ टाकली आणि ते ऐकत ऐकतच चहा ठेवायला उठले. भांड्यात दूध ओततात न ओततात, तोच प्रिंटर घरघरला. धाकट्या सुनेनं काय केलं, ते राहूनच गेलं.

“झालं?” झुंबरबाई उभ्याच राहिल्या. “एवढ्या लवकर? मंग मोताळ्याची गाडी भेटते मले!”

यंत्र अडकलंय, असं सांगता आलं असतं. पुन्हा तपासून बघतो, म्हणता आलं असतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण पोरीच्या लग्नाची गोष्ट होती, आणि घरी सगळे वाट बघत असणार.

“गुण चांगले जुळतात,” गुरुजी म्हणाले. “पण नातीला मुलगा पसंत आहे ना?”

“गुण जुळले ना? मंग झालं तं!” झुंबरबाईंनी कागद पिशवीत सारला.

“बरं, निघा मग. चहा पुढच्या वेळी.”

“आता कायची पुढची वेळ, गुरुजी? हे शेवटचंच लगन आमच्या घरचं.”

झुंबरबाईंनी दाराकडे वळता वळता हात जोडले, आणि “मोठं काम केलं बाप्पा तू” म्हणत कॉम्प्युटरला वाकून नमस्कार केला.

सवयीनं आशीर्वादासाठी उचललेला हात गुरुजींनी तसाच पुढे नेला, आणि त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.